पंच कोणाचा?

ऑलिम्पिक जवळ आलं की तेच ते लेख पुन्हा छापून येतात. ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट, युद्धबंदी, मशाल, देशादेशांतला बंधुभाव. वाचायला बरं वाटतं. पण मी मैदानी स्पर्धांत टाइमकीपरचं काम करते. आमची जागा अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत, धावपट्टीच्या कडेला ठेवलेल्या पायऱ्यांच्या स्टँडवर. तिथे बसणाऱ्याला खेळाडू दिसतात ते क्षणभर. त्यानंतर दिसतात ते हात वर करून आमच्याच दिशेने येणारे प्रशिक्षक. "आमची पोरगी दुसरी होती, तिसरी कशी लावलीत?" हे ऐकत वर्षं काढली की इतिहास वाचतानाही डोळा आपोआप विजेत्यावरून सरकून पंचाकडे जातो. आणि तिथून बघितलं, तर अडीच-पावणेतीन हजार वर्षांचा हा सगळा इतिहास मला एकाच प्रश्नाभोवती घुटमळताना दिसतो. निकाल देणारा माणूस कोणाचा?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेल्याची गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहून ठेवली आहे. प्राचीन ऑलिम्पिक जिथे भरायचं ते ऑलिम्पियाचं देवस्थान एलिस नावाच्या नगरराज्याच्या ताब्यात होतं. यजमान तेच, संयोजक तेच आणि पंचही तेच. हे एलिसवाले एकदा इजिप्तच्या दरबारात गेले आणि बढाया मारू लागले, की आमच्याइतक्या चोख न्यायाने कोणीच स्पर्धा भरवत नाही, तुमच्या शहाण्यांनाही यात काही सुधारणा सुचायची नाही. राजाने जाणत्या मंडळींना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तुमच्या गावचे लोकही उतरतात का स्पर्धेत? एलिसवाले म्हणाले, हो तर, सगळ्या ग्रीकांना मुभा आहे, तशी आम्हालाही आहे. मग न्याय कसला, असं उत्तर आलं. स्वतःचा माणूस मैदानात असताना तुम्ही त्याला झुकतं माप देणारच. खरा न्याय हवा असेल तर स्पर्धा परक्यांसाठी ठेवा आणि एलिसच्या एकालाही पाय ठेवू देऊ नका.

हे असंच घडलं असेल का, देव जाणे. हेरोडोटसला गोष्टी सांगायची हौस दांडगी. पण शंका शंभर नंबरी आहे.

त्या काळात ती जास्तच बोचत असणार, कारण पंचाच्या नजरेखेरीज दुसरा आधारच नव्हता. आज आपण 'किती वेळात' हे आधी विचारतो. ग्रीकांना ते विचारायची सोय नव्हती. धावेची वेळ मोजण्याजोगं घड्याळ नाही, आणि मोजून उपयोगही नाही. ऑलिम्पियाची सरळ धावपट्टी सुमारे १९२ मीटर लांब, डेल्फीची सुमारे १७८ मीटर. दोन्हीकडे मोजायला सहाशे पाऊलच, पण पावलाचं माप गावोगावी निराळं. त्यामुळे विक्रम वगैरे काही नाही. आज या धावेत पहिला कोण, बस्स. आणि तो कोण हे रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं.

इ.स.पू. ३९६ मध्ये ते कसं ठरलं, हे पॉसेनियस या प्रवासी लेखकाने नोंदवून ठेवलंय. धावण्याच्या शर्यतीत तीन पंच होते. दोघांनी एलिसच्या युपोलेमसला पहिला ठरवलं, तिसऱ्याने अम्ब्रेशियाच्या लिऑनला. दोन विरुद्ध एक. मुकुट एलिसच्या माणसाला. लिऑन गप्प बसला नाही, त्याने ऑलिम्पिक मंडळाकडे दाद मागितली आणि मंडळाने त्या दोन पंचांना चक्क दंड केला. निकाल मात्र बदलला नाही. पंच चुकीचे, निकाल बरोबर! हे वाचताना मी मोठ्याने हसले होते, कारण आमच्या क्षेत्रात असे निवाडे अजूनही होतात.

पुढे ट्रॉयलस नावाच्या एलिसच्या एका गृहस्थाने तर कमालच केली. स्वतः पंचमंडळात असताना त्याने आपले घोडे रथाच्या शर्यतींत उतरवले आणि दोन शर्यती जिंकल्या. त्यानंतर मात्र नियम आला की पंचाने घोडे उतरवायचे नाहीत. इजिप्तच्या शहाण्यांचा सल्ला शेवटी अंगाशी आल्यावर मानला, तोही एवढुसाच.

एलिसवाल्यांवर नुसती टीका करणंही बरं नाही. त्यांनी पंच तयार करण्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी पुढच्या कित्येक शतकांत कोणी घेतली नाही. या पंचांना म्हणत हेलानोडिकाय, म्हणजे ग्रीकांचे न्यायाधीश. निवड झाली की दहा महिने एका खास इमारतीत राहून त्यांना नियम शिकावे लागत. खेळाडू, त्यांचे वडील, भाऊ आणि प्रशिक्षक झ्यूसच्या मूर्तीपुढे रानडुकराच्या मांसावर हात ठेवून शपथ घेत, की आम्ही लबाडी करणार नाही. मुलांची पात्रता तपासणारे पंचही शपथ घेत, की लाच न घेता निर्णय देऊ. सुरुवातीच्या रेषेवर दगडी लाद्यांत दोन समांतर खाचा कोरलेल्या असत, पायांची बोटं रुतवायला. त्या लाद्या आजही जागेवर आहेत. इशाऱ्याआधी जो सुटेल त्याला फटके. लाल-काळं कार्ड दाखवून बाहेर काढण्यापेक्षा हा प्रकार झटपट असला, तरी मी काही त्याची शिफारस करणार नाही.

लाच दिली तर दंड, आणि दंडाच्या पैशांतून झ्यूसचे कांस्य पुतळे. पहिले पुतळे इ.स.पू. ३८८ मधले. थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते. पुतळे उभे केले ते स्टेडियमच्या प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या वाटेवरच, म्हणजे प्रत्येक खेळाडू मैदानात शिरण्याआधी त्यांच्या पुढून जाणार. पुतळे गेले, पण त्यांचे सोळा चौथरे तिथे रांगेने उभे आहेत. उत्तेजक सेवनात सापडलेल्यांच्या नावाच्या अशा पाट्या आजच्या स्टेडियममध्ये वॉर्म-अपच्या वाटेवर लावायला काय हरकत आहे?

खेळाडू कोणाचा, हा दुसरा तंटा. तोही तेव्हापासूनचा. मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर धावायला आला तेव्हा बाकीच्यांनी हरकत घेतली, की स्पर्धा ग्रीकांची आहे, हा परका. त्याला आपलं घराणं मूळचं ग्रीसमधल्या आर्गोसचं असल्याचं पटवून द्यावं लागलं. क्रोटॉनच्या अस्टिलॉसने आपण सिराक्यूजचे असल्याचं जाहीर केलं, तिथल्या सत्ताधीशाला खूश करायला. क्रोटॉनच्या लोकांनी त्याचा पुतळा पाडला आणि त्याच्या घराचा तुरुंग केला. क्रीटच्या सोटाडिसने लांब पल्ल्याची शर्यत जिंकली आणि पुढच्या खेपेला एफिससकडून पैसे घेऊन तो एफिससचा झाला. क्रीटने त्याला हद्दपार केलं. आज खेळाडू देश बदलतात तेव्हा काही काळ थांबायचा नियम लागतो, कागदपत्रं फिरतात, आणि चाहते त्याच जुन्या शिव्या देतात.

पण सगळ्यांत बोलकी गोष्ट लिखासची. इ.स.पू. ४२० मध्ये एलिसने स्पार्टावर ठपका ठेवला, की ऑलिम्पिकच्या युद्धबंदीत तुम्ही सैन्य हलवलंत. सैन्य गेलं होतं लेप्रिऑनला, आणि लेप्रिऑनवरून खुद्द एलिसचं आणि स्पार्टाचं वाकडं होतं. म्हणजे फिर्यादी एलिस, न्यायाधीश एलिस आणि दंडाची पावती फाडणारंही एलिस. दोन हजार मिना दंड. स्पार्टाने भरला नाही, स्पार्टाला बंदी. लिखास स्पार्टाचा मातब्बर माणूस, त्याने आपला रथ बिओशिया या दुसऱ्या राज्याच्या नावावर उतरवला. रथ जिंकला, घोषणा बिओशियाच्या नावाने झाली. लिखासला राहवेना. तो मैदानात गेला आणि रथ कोणाचा हे सगळ्यांना कळावं म्हणून त्याने आपल्या सारथ्याला स्वतः मुकुट घातला. पंचांच्या शिपायांनी त्याला तिथेच फटके दिले. देशाला बंदी, खेळाडू दुसऱ्या झेंड्याखाली, आणि विजयानंतर झेंड्यावरून राडा. यातलं नवीन काहीच नाही. काही वर्षांनी स्पार्टाने एलिसवर चाल केली तेव्हा सांगितलेल्या कारणांत हेही एक होतं.

रोमन काळात पंचांची काय पत राहिली, ते सम्राट नीरोने इ.स. ६७ मध्ये दाखवून दिलं. दहा घोड्यांचा रथ घेऊन उतरला, रथातून पडला, शर्यत पुरी केली नाही, आणि विजयी ठरला. त्याने पंचांना दिलेले अडीच लाख द्राख्मा त्याच्यानंतरच्या सम्राट गॅल्बाने परत मागितले. त्यापुढच्या तीनशे वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती सम्राटांनी जुन्या देवांचे उत्सव बंद केले, त्यात ही स्पर्धाही विझली.

मधली दीड हजार वर्षं लोक धावत-उड्या मारत नव्हते असं नाही. इंग्लंडात कॉट्सवोल्डच्या टेकडीवर सतराव्या शतकात 'ऑलिम्पिक' नावाने खेळ भरत होते, १८५० मध्ये मच वेनलॉक या गावी डॉक्टर विल्यम पेनी ब्रुक्स यांनी वार्षिक खेळ सुरू केले, १८५९ मध्ये झापास या ग्रीक धनिकाच्या पैशांवर अथेन्समध्ये खेळ झाले. पण हे सगळं ज्याच्या-त्याच्या घरचं. परक्या देशाचा माणूस आला तर कोणाच्या नियमाने धावायचं, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला पिअर द कूबर्तां यांनी १८९४ मध्ये पॅरिसच्या सोर्बोनमध्ये परिषद भरवून आंतरराष्ट्रीय समिती उभी केली तेव्हा.

१८९६ च्या अथेन्समध्ये मॅरेथॉनला स्पिरिडॉन लुईस पहिला आला आणि दोन ग्रीक राजपुत्र त्याच्याबरोबर शेवटचा टप्पा धावले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला आवडतो तो तिसऱ्या क्रमांकाचा किस्सा. ग्रीसचाच बेलोकास तिसरा आला होता. चौथ्या आलेल्या हंगेरीच्या केलनरने तक्रार केली, की हा गडी मधे गाडीत बसला होता. ग्रीकांच्या घरी, ग्रीकांच्या उत्सवात, ग्रीक माणसाला बाद करून क्रमांक हंगेरीच्या माणसाला दिला गेला. इजिप्तच्या शहाण्यांना हे कोणीतरी कळवायला हवं होतं.

बारा वर्षांनी लंडनमध्ये मात्र सगळं फाटलं. १९०८ चे पंच सगळेच्या सगळे ब्रिटिश होते, आणि ब्रिटन व अमेरिका पहिल्या दिवसापासून एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. २३ जुलैला ४०० मीटरची अंतिम फेरी झाली. चौघे धावणारे : ब्रिटनचा विंडहॅम हॅल्सवेल आणि अमेरिकेचे कार्पेंटर, रॉबिन्स, टेलर. तेव्हा ४०० मीटरला लेन आखत नसत. सगळे एका मोकळ्या पट्टीवर, जो आधी आत घुसेल त्याची आतली बाजू. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना हॅल्सवेल बाहेरून पुढे जाऊ लागला आणि कार्पेंटर तिरका सरकत सरकत त्याला पट्टीच्या काठापर्यंत घेऊन गेला. पंच ओरडले, 'फाउल'. कोणीतरी अंतिम रेषेवरची फीत विजेता पोहोचण्याआधीच तोडून टाकली. शर्यत रद्द.

गंमत अशी, की दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. अमेरिकेत ज्या पद्धतीने धावायची सवय होती तिथे असं बाहेर रेटणं चालून जात असे. ब्रिटिश नियमात ती सरळ आडकाठी. दोन देशांचे दोन नियम, आणि शिट्टी एकाच देशाच्या तोंडात. कार्पेंटर बाद झाला. २५ तारखेला पुन्हा धावायचं ठरलं, या वेळी दोऱ्या बांधून लेन केल्या. रॉबिन्स आणि टेलर यांनी उतरायला नकार दिला. हॅल्सवेल एकटाच धावला, ५० सेकंदांत, आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ऑलिम्पिकच्या मैदानी शर्यतींत एकट्याने धावून अंतिम फेरी जिंकणारा तोच एक. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, तो मारला गेला.

त्याच स्पर्धेत मॅरेथॉनच्या शेवटी इटलीचा डोरांडो पिएत्री स्टेडियममध्ये पुन्हा पुन्हा कोसळला आणि अधिकाऱ्यांनी त्याला उचलून रेषेपार नेला. मदत घेतली म्हणून तो बाद झाला आणि अमेरिकेचा हेज विजयी. आजही शाळेतल्या स्पर्धांत पडलेल्या मुलाला धरून रेषेपर्यंत न्यायला धावणाऱ्या स्वयंसेवकांना मला आवरावं लागतं. धरून पुढे नेलं की पोराची शर्यत संपली, हे त्यांना त्या क्षणी पटत नाही. वाईट वाटतं, पण नियम असाच आहे.

या सगळ्या मनस्तापाचं फळ चांगलं निघालं. निकाल एकट्या यजमानाच्या हाती ठेवायचा नाही, हे पटलं. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकच्या वेळी सतरा देशांच्या संघटनांनी मिळून मैदानी खेळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. एकच नियमपुस्तक, विक्रमांची एकच यादी. त्या यादीत १०० मीटरचा पहिला विक्रम बसला तो डोनाल्ड लिपिंकॉटचा, १०.६ सेकंद. म्हणजे एका शहरातली धाव दुसऱ्या शहरातल्या धावेशी ताडून पाहता येऊ लागली ती एवढ्या उशिरा. स्टॉकहोमलाच १५०० मीटरला दुसरा कोण, किव्हियट की टेबर, हे छायाचित्र बघून ठरवलं गेलं. पंचाच्या नजरेला दुसरा साक्षीदार मिळाला.

स्टॉकहोम म्हटल्यावर एक आडवळण घेतेच. जपानचा शिझो कानाकुरी मॅरेथॉनमध्ये उन्हाने हैराण होऊन मधेच थांबला आणि कोणालाही न कळवता मायदेशी परतला. स्वीडनच्या नोंदींत तो हरवलेलाच राहिला. १९६७ मध्ये त्याला सन्मानाने बोलावून शर्यत पुरी करायला लावली. वेळ जाहीर झाली : ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. शेवटचा तो दशांश लिहिणाऱ्या टाइमकीपरला माझा सलाम.

पण एकच नियमपुस्तक झालं म्हणून रेषेवर कोणी उभं राहायचं ते सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. मैदानी शर्यतींत बायकांना जागाच नव्हती. फ्रान्सच्या आलिस मिलिया यांनी १९२२ मध्ये पॅरिसला बायकांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवून दाखवली, तेव्हा कुठे १९२८ च्या ॲम्स्टरडॅमला पाच प्रकार मिळाले. त्यांतल्या ८०० मीटरची जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, विश्वविक्रम. नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली. वर्तमानपत्रांनी मात्र लिहिलं की बायका पटापट कोसळल्या, बघवत नव्हतं. धाव संपल्यावर गवतावर आडवं पडणं हे ८०० मीटरवाल्या पुरुषांचं नेहमीचंच. पण बातमी घड्याळापेक्षा वरचढ ठरली. १९६० पर्यंत बायकांची ८०० मीटर ऑलिम्पिकमध्ये परत आली नाही. बत्तीस वर्षं, म्हणजे किती धावपटूंचं अख्खं आयुष्य निघून गेलं असेल, याचा मला अजून संताप येतो.

१९३२ च्या लॉस एंजेलिसला स्टीपलचेस या अडथळ्यांच्या लांब शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्यांची गफलत झाली आणि सगळे एक फेरी जास्त धावले. फिनलंडचा इसो-होलो तरीही पहिलाच राहिला. अमेरिकेचा मॅकक्लस्की मात्र खऱ्या अंतराला दुसरा होता, त्या फुकटच्या फेरीत तिसरा झाला. शर्यत पुन्हा घेऊ का म्हटल्यावर तो नको म्हणाला. चार वर्षांनी बर्लिनला कोरियाचा सोन की-जोंग मॅरेथॉन जिंकला, जपानच्या नावाने आणि जपानी उच्चाराच्या नावाने, कारण कोरिया जपानच्या ताब्यात होता. सोलच्या एका वर्तमानपत्राने फोटो छापताना त्याच्या छातीवरचा झेंडा पुसून टाकला. पुन्हा लिखासच.

आता माझ्या धंद्यातलं सगळ्यांत मोठं प्रकरण. त्याआधी आमची पद्धत सांगते. हाताने वेळ घेताना पहिल्या क्रमांकावर तीन घड्याळं लावतात. पिस्तुलाचा आवाज ऐकून बटण दाबायचं नाही, धूर किंवा ठिणगी दिसली की दाबायचं. १०० मीटरवरून आवाज पोहोचायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात, तेवढ्यात पोरं सुटायलाही लागलेली असतात. तिन्हींपैकी दोन घड्याळं जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी असली तर मधली. घड्याळ बंद करताना डोळा धावणाऱ्यावर नाही, रेषेवर. नवी मंडळी धावणाऱ्याच्या मागे मान फिरवत राहतात आणि बोट आधीच दाबून मोकळी होतात.

१९६० मध्ये रोमला पोहण्याच्या १०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. डेव्हिटच्या लेनवरची तिन्ही घड्याळं म्हणाली ५५.२. लार्सनच्या लेनवरची म्हणाली ५५.०, ५५.१, ५५.१. सहापैकी एकही घड्याळ डेव्हिटच्या बाजूने नाही. पण तेव्हाच्या नियमात क्रमांक ठरवायचे पंचांनी, घड्याळाने नव्हे. पहिला क्रमांक बघणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांनी डेव्हिटला पहिलं म्हटलं. दुसरा क्रमांक बघणाऱ्या तिघांपैकी दोघांनी डेव्हिटला दुसरं म्हटलं! तीन-तीन. मुख्य पंचाने डेव्हिटला सुवर्ण दिलं, आणि कागद जुळावा म्हणून लार्सनची वेळ वाढवून ५५.२ केली. अमेरिकेची अपिलं फेटाळली गेली. घड्याळ खोटं बोलत नाही म्हणतात ते ठीक आहे, पण घड्याळाखालचा आकडा माणूस खोडू शकतो. या एका निकालानंतर पोहण्यात आपोआप वेळ नोंदवणाऱ्या यंत्रणेला विरोध करणं सगळ्यांनाच जड जाऊ लागलं, आणि पुढे भिंतीला स्पर्श होताच घड्याळ थांबवणारी पाटी आली.

धावण्यातही १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतचे विश्वविक्रम फक्त यंत्राच्या वेळेवरच मान्य होऊ लागले. हाताच्या वेळेत आमच्या मेंदूचा आळस मिसळलेला असतो, म्हणून १०० मीटरला तुलनेसाठी ०.२४ सेकंद मिळवतात. आमची अख्खी जमात ०.२४ सेकंदाने सुस्त आहे, हे असं अधिकृतपणे लिहून ठेवलेलं आहे.

यंत्र आलं म्हणून पंच कोणाचा हा प्रश्न मिटला असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१४ चं सोची आठवावं. हिवाळी ऑलिम्पिक रशियात, उत्तेजक चाचणीची प्रयोगशाळा रशियात, आणि प्रयोगशाळेच्या भिंतीला भोक. त्या भोकातून रात्री लघवीचे नमुने पलीकडच्या खोलीत जायचे आणि बदलून परत यायचे. उपकरणं अत्याधुनिक होती. चालवणारे यजमान होते. एलिसने निदान भोक पाडलं नव्हतं.

उलट उदाहरणही आहे. २०२२ मध्ये जागतिक मैदानी स्पर्धा अमेरिकेत यूजीनला झाली. ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत तिथल्याच विद्यापीठात घडलेला डेव्हन ॲलन सुटला ०.०९९ सेकंदांत. नियम म्हणतो, ०.१ पेक्षा लवकर सुटला तर त्याने आवाजाची वाट पाहिली नाही असं समजायचं. एक सहस्रांश. घरच्या प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, काही उपयोग झाला नाही. स्टार्टिंग ब्लॉकमधल्या यंत्राला गाव नसतं. पण ०.१ हा आकडा काही यंत्राने ठरवलेला नाही, तो माणसांच्या समितीने ठरवला आहे, आणि माझं मत विचाराल तर तो जरा जास्तच कडक आहे.

सहस्रांशाचं काय करायचं, यावर पोहणाऱ्यांनी आणि धावणाऱ्यांनी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत, आणि दोन्ही मला पटतात. १९७२ मध्ये म्युनिकला ४०० मीटर मिश्र जलतरणात स्वीडनचा गुन्नार लार्सन ०.००२ सेकंदाने जिंकला. त्या वेगाने ०.००२ सेकंद म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. पन्नास मीटरच्या तलावाच्या लांबीतच तीन सेंटिमीटरपर्यंतचा फरक नियमाला चालतो. म्हणजे कोणाची भिंत जवळ होती तेही सांगता येणार नाही. मग त्यांनी शतांशावर थांबायचं ठरवलं. म्हणून २०१६ ला रिओमध्ये बायकांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक या दोघींना मिळालं, आणि पुरुषांच्या बटरफ्लायमध्ये रौप्य तिघांना. धावण्यात मात्र एकच रेषा सगळ्या लेनवरून जाते, म्हणून तिथे सहस्रांश बघतात. २०२४ ला पॅरिसमध्ये १०० मीटरला अमेरिकेचा लाइल्स ९.७८४, जमैकाचा थॉम्पसन ९.७८९. फलकावर दोघांचे ९.७९. थॉम्पसनचं पाऊल आधी रेषेपार गेलं होतं, पण पाय, हात, डोकं मोजत नाहीत, धड मोजतात. ते फोटो-फिनिशचं चित्र बघताना एवढं ध्यानात ठेवायचं, की तो फोटो एका क्षणाचा नसतो. कॅमेरा फक्त रेषेची चिंचोळी फट टिपत राहतो, आणि त्या हजारो फटी शेजारी शेजारी लावल्या की चित्र होतं. म्हणूनच त्यात बूट लांबुळके दिसतात आणि मागे मैदान दिसतच नाही.

उंच उडीवाल्यांनी तर निवाडा खेळाडूंवरच सोपवला आहे. बरोबरी झाली तर निर्णायक उडी घ्यायची की थांबायचं, हे त्या दोघांनी ठरवायचं. टोकियोला कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी २.३७ मीटरवर बरोबरीत आले. पंच नियम समजावून सांगतच होते, तेवढ्यात बार्शिमने विचारलं, दोन सुवर्णपदकं मिळतील का, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. जगभर कौतुक झालं. तीन वर्षांनी पॅरिसला न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन २.३६ वर अडले, आणि त्यांनी उडी घ्यायचं ठरवलं. दमलेली माणसं, दांडी खाली आणत आणत शेवटी २.३४ वर कर गेला, मॅकइवेन राहिला. लगेच लोक मॅकइवेनला हावरट म्हणायला लागले, वाटून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं म्हणून. मला तरी त्यात काही वावगं दिसलं नाही. दोघांना उडी मारायची होती, त्यांनी मारली, आणि त्या निकालावर तक्रार घेऊन कोणीही पंचांच्या टेबलाकडे आलं नाही.